इबिसोच्या छातीचा फोटो

पोर्ट हार्कोर्टला आमच्या चर्चमध्ये लग्नाआधी तपासण्या लागतात. सिकलसेल, एचआयव्ही, गरोदरपण आणि दोन वर्षांपासून टीबीच्या धास्तीने छातीचा एक्स-रे. रिपोर्ट आले की विवाह समिती सही करते, मग पत्रिका छापायच्या. समितीत दोघंच: पास्टर आणि मी, म्हणजे अवोबा, निवृत्त शिक्षिका. मला वैद्यकातलं ओ की ठो कळत नाही, पण नाही म्हणायचा स्वभावच नाही.

इबिसोचा रिपोर्ट मीच फोडला. टीबी नाही, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. त्याखाली लिहिलं होतं की फुफ्फुसं अनेक वर्षं सिगारेट ओढणाऱ्या माणसासारखी दिसतात.

मी तीनदा वाचलं. ही पोर माझ्या वर्गात होती, चर्चमध्ये पहिल्या रांगेत उभी राहून गाते. सिगारेट? कधी, कुठे, कोणाबरोबर? विचार करून डोक्याचा भुगा झाला.

चर्चमध्ये सगळ्यांसमोर रिपोर्ट वाचला तेव्हा होणारी सासू, म्हणजे नवरदेव इगोनीची आई, मात्र गोंधळली नाही. "मला संशय होताच! गाताना मध्येच खोकते. आणि काय तर म्हणे सर्दी!"

"आई, देवाशप्पथ, मी सिगारेटला हातसुद्धा लावलेला नाही," इबिसो म्हणाली.

"आई कोणाला म्हणतेस? अजून झालं नाहीये लग्न."

इगोनी मोबाइलवर बोट फिरवत होता. तो खाडीत चोरीचं कच्चं तेल पिंपात उकळून डिझेल काढतो. हे गावभर माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. चर्चवरचं नवं छप्पर त्यानेच घातलंय, मग मी तरी कुठल्या तोंडाने बोलणार?

"यंत्रच बिघडलं असेल," पास्टर म्हणाले.

"मग माझा काढा फोटो, त्याच यंत्रावर!" इगोनीची आई उसळली. "मी जन्मात धूर काढला नाही. माझा स्वच्छ निघाला, तर हे लग्न मोडलं म्हणून समजा."

इबिसोचा चेहरा पडला, पण ती म्हणाली, "चालेल."

चार दिवस मला अन्न गोड लागेना. यंत्र खोटं निघावं की खरं, नक्की कशासाठी प्रार्थना करायची तेच कळेना. मुलीवर विश्वास ठेवला तर डॉक्टर खोटा, डॉक्टरवर ठेवला तर मुलगी खोटी.

गुरुवारी सगळे पुन्हा जमले आणि मी दुसरं पाकीट उघडलं. तेच वाक्य होतं. फक्त 'अनेक वर्षं'च्या जागी 'आयुष्यभर' होतं.

मोठ्याने वाचलं तेव्हा माझाच आवाज मला परका वाटला. इगोनीच्या आईने फोटो हिसकावला आणि खिडकीशी नेला. काचेवर खाडीकडून रोज येणारी काजळी होती. तिने कमरेला गुंडाळलेल्या लुंगीच्या टोकाने काच पुसली, टोक काळं झालं, तेव्हा कुठे फोटोवर उजेड पडला. बराच वेळ ती बघत राहिली. तिला त्यातलं काय कळत होतं देव जाणे, मला तर काहीच कळत नव्हतं. मग ती वळली, ती सुनेकडे नाही, मुलाकडे.

"इगोनी, मी काय ओढलं रे इतकी वर्षं?"

"सगळेच करतात, आई."

"सगळ्यांचं नाही विचारलं मी."

पास्टर वर छपराकडे पाहायला लागले. मला वाटलं, हे लवकर मिटवावं. मुलगी निर्दोष ठरली, सासूची अट संपली, आणखी काय हवं? मी घाईघाईने फॉर्म पुढे ओढला आणि पेनचं टोपण काढलं.

इबिसोने फॉर्मवर हात ठेवला.

"थांबा, बाई. आधी याला उत्तर देऊ दे."