गादीची खोळ

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. हुकमचंद शेठ शहाणे होते, तरी चढले. जालन्याच्या बाजारातलं त्यांचं दुकान पोलीस ॲक्शननंतर सरकारनं धान्याच्या गोदामासाठी ताब्यात घेतलं होतं. दुकानातल्या गादीवर बसून लक्ष्मीपूजन केल्याशिवाय दिवाळी झाली असं त्या घरात कुणी मानत नसे. आता पूजा भाड्याच्या खोलीत होई. शेठांची साठी उलटलेली, मुलगा जुगलकिशोर हाताशी आलेला. वडिलांच्या जागेवर बसून एकदा तरी पूजा करायची, एवढंच त्यांना हवं होतं.

सन चोपन्नात हैदराबादच्या हायकोर्टाचा निकाल आला. दुकान ताब्यात घेण्याचा हुकूम बेकायदा. शेठांनी कागद कपाळाला लावून देव्हाऱ्यात ठेवला. सगळी हयात निजामाच्या राज्यात गेलेली. तिथं वरून फर्मान सुटलं की विषय संपला. आता वर हायकोर्ट, म्हणजे हेच फर्मान, असं ते धरून चालले. त्यांच्या पत्नी प्रेमबाईंनी गादीला पांढरीशुभ्र खोळ शिवली. दिवाळी तोंडावर आली होती.

खोळ काखोटीला मारून शेठ बद्रीनाथ वकिलांबरोबर तहसीलीत किल्ली मागायला गेले. तहसीलदारानं खुर्ची दिली, चहा मागवला. सरकारी चहा आला तेव्हाच शेठांनी ओळखायला हवं होतं.

"कोर्टाचं बरोबर आहे, शेठजी. जुना हुकूम आम्ही मागं घेतला," तहसीलदार म्हणाला. "पण विधानसभेनं कायदाच बदललाय. त्याखाली दुकान ताब्यात ठेवायचा नवा हुकूम निघालाय."

बाहेर येऊन शेठ पायरीवर बसले.

"वकीलसाहेब, मंग मी जिंकलो का हारलो?"

"जिंकले की."

"मंग किल्ली?"

वकील शेजारी टेकले. "कोर्टाला कायदा तपासता येतो, करता येत न्हाई. करणारे ते. आता हा नवा कायदाबी कोर्टापुढं नेता येईल."

"म्हंजे यांच्यात मोठं कोण?"

"कोणीच न्हाई. म्हणून तर तुमी लढू राह्यले. निजामाच्या वक्ताला कोणाकडं दाद मागितली असती?"

शेठांना ते पटलं, आणि पटल्यानंच जास्त थकवा आला. जो तो आपल्या जागी बरोबर होता. शिव्या द्यायलासुद्धा कोणी उरलं नव्हतं. त्यांनी नव्या वकीलपत्रावर सही केली आणि पाय ओढत घर गाठलं.

काखेतली खोळ प्रेमबाईंनी काढून घेतली. चुरगळलेली घडी मोडून त्या पुन्हा नीट घालू लागल्या.

"कडुनिंबाचा पाला घाल तिच्यात," शेठ म्हणाले. "लई दिवस ठेवावी लागंल."

"पुढच्या दिवाळीला निघंल ना?"

शेठांनी पागोटं उतरवून खुंटीला अडकवलं.

"आपल्या जुगलकिशोरच्या पोराला कामाला येईल," ते म्हणाले.

प्रेमबाईंनी खोळ मांडीवरून बाजूला ठेवली. मग पाला आणायला उठल्या.