लाखाची पाणपाळी

खापरे साहेबाचं एक वर्ष मी वाया घालवलं, असं सालेकशाच्या बाजारात लोक अजून बोलतात. बोलू देत. खोटं नाही ते. जाणूनबुजून, ठरवून, तीन महिने बँकेच्या पायऱ्या झिजवून घालवलं, आणि त्याचा मला आजही पस्तावा नाही.

माझं नाव शामकला. आमच्या गावात बायकांचे पाच बचत गट, मिळून एकसष्ट बाया. सगळ्यांचा हिशेब मीच लिहिते. २००९ साली बँकेचे लोक आपल्या पायांनी गावात आले, शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकलं आणि म्हणाले, तेंदूपत्त्याचा बोनस आता थेट खात्यात येणार, खात्यात एक रुपया नसला तरी चालेल. एकसष्ट खाती एका दिवसात उघडली. आम्ही अंगठे दिले, फोटो दिले, वर त्यांना चहाही आम्हीच पाजला.

२०१२ च्या जूनमध्ये माझी साक्षी बारावी पास झाली आणि नर्सिंगचा फॉर्म भरायला निघाली. दीड हजाराचा ड्राफ्ट लागणार होता. माझ्या खात्यात बोनसचे सतराशे बारा रुपये होते. पहाटे चारला जंगलात शिरायचं, अस्वलाची भीती पोटात ठेवून पानं तोडायची, सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधायचे, तेव्हा कुठे मिळालेले ते पैसे. मे महिन्यात ते खात्यात आले, तेव्हापासून मी त्यांना हात लावला नव्हता. जातीचा दाखला नेमका शेवटच्या दिवशी हातात पडला. साडेअकराला आम्ही मायलेकी बँकेत, आणि पाचच्या आत फॉर्म गोंदियाला पोचवायचा.

खिडकीतून पासबुक परत आलं. शिल्लक नऊशे अडतीस.

मी सरळ मॅनेजरच्या टेबलाशी गेले. खापरे साहेब नागपूरचा, येऊन वर्ष झालेलं.

"साहेब, माहे पैसे काऊन कापले जी?"

"तिमाहीची सरासरी शिल्लक हजाराच्या खाली गेली की दंड लागतो. बोनस येण्याआधीच्या तिमाह्यांचा साचला होता, तो आता वळता झाला. त्यावर टॅक्स. शिवाय मेसेजचे पैसे."

"माह्याजवळ तर मोबाईलच नाही. आन् खातं उघडलं तेव्हा त रुपया नसला तरी चालते म्हनले होते."

"तेव्हाचे साहेब गेले, बाई. नियम सगळ्यांना सारखाच असतो." मग रांगेकडे बघून तो हसला. "ज्याची हजार रुपये ठेवायची ऐपत नाही, त्यानं बँकेत यायचं कशाला? घरी मडकं असेल ना?"

रांगेतले चारपाच जण खदाखदा हसले. त्यांतल्या दोघांना मी ओळखत होते, तरी सहाशे रुपये उसने मागितले. कोणाकडे नव्हते. गावात जाऊन आणावेत तर गोंदियाची गाडी जाते. साक्षी बाकावर बसून फॉर्मची घडी उलगडत होती, पुन्हा घालत होती. गाडी आमच्या डोळ्यांदेखत गेली. त्या वर्षी ती नर्सिंगला जाण्याऐवजी माझ्यासोबत लोकांच्या धानाच्या रोवण्याला गेली. चिखलात वाकलेली तिची पाठ दिसली की मला खापरेचे दात दिसायचे.

डिसेंबरात बँकेच्या भिंतीवर एक पत्रक लागलं. जानेवारी ते मार्च जो ग्राहक सरासरी हजार रुपये शिल्लक ठेवील, त्याचा मागच्या वर्षाचा सगळा दंड परत, आणि वर तीन लिटरचा कुकर. खापरेनं ते मला मुद्दाम दाखवलं. "बघा बाई, तुमच्यासाठीही आहे." त्याला वाटलं, कुत्र्याला हाडूक दाखवतो आहे.

मी पत्रक मागून घेतलं आणि घरी सात वेळा वाचलं. सरासरी म्हणजे नेमकं काय, ते साक्षीला विचारलं.

"रोज संध्याकाळी खात्यात किती उरले ते नव्वद दिवस मांडायचे, बेरीज करायची आन् नव्वदनं भागायचं," ती म्हणाली.

"मंजे रोज हजार नाही राह्यले तरी चालते?"

"एका दिवशी नव्वद हजार आन् बाकीचे दिवस शून्य असले तरी चालते. पन नव्वद हजार आनसील कुठून?"

मी दारातून बाहेर बघितलं. समोर गावाची बोडी होती. त्या एवढ्याशा तळ्यावर आमच्या गावच्या धानाच्या सगळ्या बांध्या पिकतात. सगळ्यांच्या धानात एकाच दिवशी पाणी उभं करायचं म्हटलं तर बोडी दुपारीच कोरडी पडेल. म्हणून पाणपाळी असते. आज याची बांधी, उद्या त्याची. पाळी मोडली तर त्याच्या रोवण्याला गावातलं कोणी जात नाही, म्हणून कोणी मोडत नाही. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. नागपूरच्या खापरेला कुठून कळणार?

पाच गटांची आठ वर्षांची बचत एक लाखाच्या वर गेली होती. मी एकसष्ट बायांना शाळेत बसवलं आणि सांगितलं, एक लाख रुपये रोज एका बाईच्या खात्यात टाकायचे, दुसऱ्या दिवशी काढून दुसरीच्या. एक दिवस लाख, की झाली हजाराची सरासरी. म्हातारी अनुसयाबाई म्हणाली, "आन् कोनी घेऊन पराली त?"

"पाळी मोडनारीच्या रोवन्याले कोन जाते?" मी विचारलं.

बाया हसल्या. ठराव झाला.

दोन जानेवारीपासून सुरू झालं. रोज दहाला दोन बाया माझ्यासोबत काउंटरवर. एकीची काढायची चिठ्ठी, दुसरीची भरायची. पहिला आठवडा खापरेला गंमत वाटली. दुसऱ्या आठवड्यात त्यानं पत्रक पुन्हा वाचलं, आणि त्याचा चेहरा उतरला. मग कधी सही जुळेना, कधी अंगठा पुसट निघे. पाच वेळा त्यानं 'लिंक नाही' म्हणून परत पाठवलं. लिंक नसली की लाख आदल्या बाईकडेच राही, आमचं काही बिघडत नसे. बँक उघडी असायचे दिवस त्र्याहत्तर होते, बाया एकसष्ट. बारा दिवस मी खापरेच्या नावानं आधीच सोडून ठेवले होते.

माझा जीव एकदाच टांगणीला लागला. मंदाबाईची पाळी शनिवारी आली, म्हणजे रविवारही तिच्याच खात्यात. तिचा नवरा बिसराम जुन्या मोटारसायकलीसाठी वर्षभर रडत होता. सोमवारी दहा वाजले, अकरा वाजले, मंदाबाई नाही. खापरे काचेआडून बघत होता, आणि मला एकसष्ट घरांच्या आठ वर्षांचे वीस वीस रुपये दिसत होते. आपल्या सूडापायी मी बायांचं घर बुडवलं की काय, असं पहिल्यांदा वाटलं. साडेअकराला ती धापा टाकत आली, केसांत धानाचा कोंडा.

"नवऱ्याच्या धाकानं पासबुक धानाच्या कोठीत टाकलं होतं, बाई. सकाळपासून अख्खी कोठी उपसून राहिली."

मी तिला तिथंच कवटाळलं.

तीस मार्चला एकसष्टावी पाळी झाली. ती माझी होती. एप्रिल लागताच लाख काढून मी गटांना परत केला.

एप्रिलच्या दहा तारखेला बँकेत मंडप पडला. गोंदियाहून मोठे साहेब आले, कारण साऱ्या विभागात शंभर टक्के शिल्लक ठेवणारं गाव आमचं एकच निघालं होतं. खापरेनं ते यश आपल्या नावावर लावून घेतलं होतं. शिपाई सुकराम आमच्याच गावचा, त्याच्याकडून मला कळलं होतं की शाखेतली खाती वाढली तर खापरेला या महिन्यात नागपूरची बदली मिळणार. भाषणात तो म्हणाला, "या भगिनींना बचतीची सवय मी लावली." आम्ही टाळ्या वाजवल्या. कुकर घेतले, दंड खात्यात परत आल्याची नोंद पासबुकात करून घेतली, पोच दिली.

मग मी पिशवीतून एकसष्ट अर्ज काढून मोठ्या साहेबांपुढे ठेवले. खातं बंद करण्याचे.

"हे काय?" ते म्हणाले.

"पोस्टात पन्नास रुपये ठेवले तरी चालते, साहेब. आमी तिकडं खाती उघडली. हजाराची ऐपत नसली त बँकेत येऊ नये, असं खापरे साहेबच म्हनले होते, भर रांगेत."

मोठ्या साहेबांनी खापरेकडे बघितलं. गळ्यातला हार टेबलावर काढून ठेवला आणि गाडीत जाऊन बसले.

खापरे मागून माझ्याजवळ आला. आवाज अगदी खाली. "बाई, अर्ज मागे घ्या. महिनाभरच थांबा. माझी पोरगी दहावीला जाते आहे, मी घरी नाही. बदली गेली तर पूर्ण वर्ष जाईल."

खोटं कशाला बोलू, पोरीचं नाव निघालं तेव्हा माझा हात अर्जांकडे गेला. पण मागे बाकावर साक्षी बसली होती, त्याच बाकावर.

"माह्याही पोरीचं एकच वर्ष होतं, साहेब," मी म्हटलं. "नियम सगळ्याइले सारखाच."

मग मी त्याच्यासमोर ड्राफ्टची चिठ्ठी ठेवली. बंद होणाऱ्या खात्यातले आणि पदरचे मिळून दीड हजार, नर्सिंगच्या कॉलेजच्या नावानं, वर त्याच्या बँकेचं कमिशन सुटं मोजून.

"तीन महिने चालते ना जी हा ड्राफ्ट? अंदाच्या साली आमी लवकर आलो."

खापरेनं मान हलवली. दोनदा पेन चाललं नाही. तिसऱ्यांदा त्यानं सही केली, आणि साक्षीनं उठून ड्राफ्ट त्याच्या हातातून घेतला.