मांडलेलं घर

इल्वाने दुसरी उशी पलंगाच्या उजव्या अंगाला ठेवली आणि मुठीने तिच्या मधोमध हलकासा खळगा पाडला, कुणी रात्रभर डोकं टेकून आत्ताच उठून गेल्यासारखा. मग मागे सरून पाहिलं. खळगा फार खोल झाला होता. होकानचं डोकं एवढं जड नव्हतं. तिने उशी थोपटली, पुन्हा खळगा पाडला. तिसऱ्या खेपेला जमला, तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली आणि ती दुलईच्या सरळच असलेल्या कडा उगाच सरळ करत राहिली.

दहा वाजता मासिकवाली यायची होती. होकान त्याच्या आधी येणार होता.

सप्टेंबरात विवेका नावाची ती बाई येऊन घर पसंत करून गेली, तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. गावची बंद पडलेली शाळा, ती विकत घेणारं एक जोडपं, आणि चौदा वर्षं दोघांनी हातांनी घासूनपुसून, रंगवून, ठोकून उभं केलेलं घर. पुढच्या हिवाळ्याच्या अंकासाठी फोटो याच हिवाळ्यात काढावे लागतात, बर्फ पडला की येते, असं सांगून ती गेली. बर्फ पडला नोव्हेंबरात. त्याच आठवड्यात होकान दोन बॅगा घेऊन शहरात स्टेशनजवळच्या भाड्याच्या खोलीत राहायला गेला. भांडण नाही, दुसरं कुणी नाही. 'बर्फ वितळेपर्यंत मला विचार करू दे,' एवढंच म्हणाला होता.

मासिकाला नको म्हणून कळवायला इल्वाने तीनदा फोन उचलला होता. शेवटी तिने मेसेज केला, पण होकानला. गुरुवारी मासिकवाली येतेय, दोघं हवेत म्हणते, येशील का. अर्ध्या तासाने उत्तर आलं: येतो. तो एक शब्द घेऊन ती आठ दिवस घरभर फिरली. चिंध्या विणून केलेल्या सतरंज्या तिने बाहेर बर्फावर उलट्या टाकून बडवल्या. लाकडी जमीन साबणाच्या पाण्याने घासली, इतकी की फळ्यांचा रंग दुधावर गेला. पूर्वेच्या खिडकीत एक दिवा, पश्चिमेच्या खिडकीत एक दिवा, जिन्याच्या वळणावर एक दिवा. बाकावर मेंढीचं कातडं, कातड्यावर निळी उशी. मासिकाचं तिला काही पडलं नव्हतं. एका माणसाने दारातून आत यावं, चार पावलं चालावं आणि त्याला परत जावंसं वाटू नये, एवढ्यासाठी ती घर मांडत होती.

गाडीचा आवाज आला तेव्हा ती जिन्यात होती. तिथेच थांबली. तो बेल वाजवील का, हे तिला ऐकायचं होतं.

पायरीवर बूट दोनदा आपटल्याचा आवाज आला, नेहमीसारखा, आधी डावा मग उजवा. दार उघडलं. बेल वाजली नाही. तिने कठड्यावरचा हात सैल सोडला.

होकान दाराजवळच्या बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. थोडा वाळला होता. दाढी केलेली, शर्टाला कॉलरजवळ इस्त्रीची चुकीची घडी. बाकाखाली तिने त्याच्या लोकरी सपाता ठेवल्या होत्या. दिसतील अशा नाही, पण सापडतील अशा. त्याने खाली न बघता पायांनीच त्या चाचपल्या आणि घातल्या.

"रस्ता कसा होता?"

"पुलापाशी निसरडं आहे." मग नाक वर करून तो म्हणाला, "वेलदोड्याचे पाव?"

"फोटोसाठी केलेत."

"फोटोत वास येतो होय?"

ती हसली. अडीच महिन्यांनी आपलंच हसणं तिला ओळखू आलं नाही.

विवेका आली ती बर्फ, थंडी आणि चार पिशव्या एकदमच आत घेऊन. साठीची, ठेंगणी, बोलण्यात एकही खिडकी बंद न ठेवणारी बाई. दारातच दोघांना मिठ्या मारून झाल्या, मोज्यांवर घरभर हिंडून झालं, आणि मग कमरेवर हात ठेवून तिने निकाल दिला.

"इल्वा, अगं हे काय करून ठेवलंस? एवढं आवरतात का कुणी? हे घर आहे की दवाखाना? इथं माणसं राहतात हे दिसायला नको?"

मग तिने स्वतःच्या हाताने घर विसकटायला घेतलं. पुस्तक उघडं करून बाकावर पालथं टाकलं, शाल खुर्चीवरून अर्धी घसरू दिली, टेबलावर पावाचा चुरा सांडला. वर झोपायच्या खोलीत गेली आणि तिथून ओरडली की हे मात्र छान, ह्याला हात लावायचा नाही. इल्वा ओट्याकडे तोंड करून कप पुसत राहिली. होकान जिन्याकडे बघत होता की तिच्याकडे, हे तिने पाहिलं नाही.

शेगडीचा फोटो हवा होता. बैठकीतल्या कोपऱ्यात पांढऱ्या टाइल्सची, छताला टेकलेली उंच शेगडी होती, शाळेच्या वेळची. तिच्या धुराड्याची झडप अडकायची. होकानने बोलता बोलता तिला कोपराचा एक हलका ठोसा दिला, ती उघडली. भूर्जाची साल सोलून त्याने काडी लावली आणि पेट घेईपर्यंत तिथेच उकिडवा बसून राहिला. विवेका फोटो काढता काढता म्हणाली की नवरा असावा तर असा, तिच्या नवऱ्याला विस्तव करायला सांगितला तर तो आधी ग्रंथालयात जाईल. होकानचे कान लाल झाले. ते विस्तवाने झाले की 'नवरा' या शब्दाने, इल्वाला ठरवता येईना. शब्दाने व्हावेत असं तिला वाटलं.

दाराजवळच्या पडवीत मात्र घोटाळा झाला. तिथे भिंतीवर शाळेतल्या मुलांच्या खुंट्या होत्या, कमरेच्या उंचीला, बावीस खुंट्या एका रांगेत. घर घेतलं तेव्हा होकानने त्या काढायच्या नाहीत असं ठरवलं होतं. पहिली काही वर्षं दोघं त्यांच्याकडे बघून मुलांची नावं ठरवत असत. नंतर बघायचं सोडून दिलं. विवेकाने पिशवीतून लहान मुलाचे लाल हातमोजे काढले, दोरीने जोडलेले, आणि तिसऱ्या खुंटीवर अडकवले.

"कसं भरल्यासारखं वाटतं बघ," ती म्हणाली आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

इल्वाच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला.  होकान शेगडीपासून उठून आला. त्याने हातमोजे खुंटीवरून काढले, एकावर एक ठेवून नीट घडी केली आणि विवेकाच्या हातात दिले.

"ते नको. तिथे काही नसतं."

आवाज चढला नव्हता. पण विवेकाने हातमोजे लगेच पिशवीत टाकले. रिकाम्या खुंट्यांचाच फोटो काढला. इल्वाजवळून परत जाताना होकानने तिच्या हातातला तांब्या घेतला आणि ओट्यावर नेऊन ठेवला. बोटं बोटांना लागली असतील नसतील. तेवढ्यानेच तिच्या मनात जुनं अंगण झाडून निघालं, सडा पडला, रांगोळी झाली.

मग स्वयंपाकघर. विवेकाने दोघांना खिडकीजवळ समोरासमोर बसवलं, पुढ्यात कॉफी दिली आणि बोलायला सांगितलं.

"काय बोलू?" होकान म्हणाला.

"चौदा वर्षं झाली, आता नवीन काय बोलणार. ओठ हलले तरी पुरे."

होकान कपात बघत राहिला. मग खिडकीबाहेर, वर बघून म्हणाला, "छपरावर बर्फ फार साठलाय. उतरवला पाहिजे. शनिवारी ऊन आहे म्हणतात."

"शनिवारी," इल्वा म्हणाली.

"हं. शनिवारी."

कॅमेरा टकटक करत होता. आज गुरुवार. मध्ये फक्त शुक्रवार. इल्वाने कप दोन्ही हातांत धरला, आणि तिच्या चेहऱ्यावर जे काही आलं असेल त्याला विवेका म्हणाली, हं, हेच, अशीच राहा.

फोटो झाले, आता मजकूर. विवेकाने वही काढली. रंग कुठला, लाकूड कुठलं, सतरंज्या कुणी विणल्या, हे सगळं इल्वाने सांगितलं. कपाटाचा निळा रंग दोघांनी जवसाच्या तेलात कालवला होता आणि एक अख्खा उन्हाळा दोघांचे कोपर निळे होते, हेही सांगितलं. शेवटी विवेकाने दोघांना एकच प्रश्न विचारला, घरातली सगळ्यात आवडती जागा कोणती.

इल्वाने बसल्या जागी हात फिरवला. खिडकीजवळचा हा बाक, ती म्हणाली. इथे बसलं की सगळे आवाज ऐकू येतात.

 होकानने चुऱ्यातला एक कण बोटाने टेबलाच्या कडेपर्यंत नेला.

"खिडकीतला दिवा," तो म्हणाला. "पण आतून नाही. रस्त्याच्या वळणावरून दिसतो तसा. संध्याकाळी तिथे गाडी थांबवली की वाटतं, त्या घरात कुणीतरी सुखात आहे."

"वा," विवेका लिहीत म्हणाली. "हाच मथळा."

इल्वाने त्या वाक्यातला आपल्याला हवा तेवढाच भाग घेतला. तो वळणावर गाडी थांबवतो. म्हणजे मधल्या काळात कधीतरी आला असेल. थांबला असेल. इथवर आला नसेल, पण तिथवर आला असेल.

तीन वाजता उजेड कलला तशी विवेकाने पिशव्या भरल्या. अंक डिसेंबरात येईल, एक प्रत पाठवते, एकच पुरेल ना, की भांडाल त्याच्यावरून? होकान हसला, पण जरा उशिरा. बाहेर तिची गाडी वळली, तिच्या दिव्यांनी पडवीची भिंत एकदा उजळली आणि मग घरात फक्त शेगडीतलं लाकूड बोलत राहिलं.

दोघं स्वयंपाकघरात उभी होती. त्याने कप गोळा केले, ओट्यापाशी आणले. फोटो चांगले येतील, तो म्हणाला. येतील, ती म्हणाली. ओव्हनमध्ये सकाळपासून लावून ठेवलेला मासा होता, दोघांपुरता, नुसतं बटण फिरवायचं बाकी होतं. तिला त्याला जेवायला सांगायचं होतं. 'जेवून जा' म्हणावं, तर त्यात जाणं आलं. 'जेवायला बसू या' म्हणावं, तर तो अजून इथलाच आहे असं धरून चालल्यासारखं झालं. दोन्ही वाक्यं तिच्या जिभेवर शेजारी शेजारी बसून राहिली, आणि त्यांच्यातून निवड होईना म्हणून तिने फळीवरच्या बशांकडे हात नेला. एक काढली. दुसरीला हात घातला.

मागे तो घसा साफ करून म्हणाला,

"इल्वा, निघायच्या आधी जरा टॉयलेट वापरू का?"

तिचा हात बशीवर होता. तो उंबऱ्यात उभा होता, अंग थोडं आखडून, लोकांच्या घरी उभं राहतात तसा. आपण काय विचारलं हे त्याच्या लक्षात आलेलं नव्हतं. तो खरोखरच उत्तराची वाट बघत होता.

त्या खोलीच्या फरशा त्याने बसवल्या होत्या, गुडघ्यांना चिंध्या बांधून. दार त्याने रंधून बसवलं होतं. दिव्याचं बटण आत घ्यायच्या ऐवजी चुकून बाहेर घेतलं गेलं, तेही त्यानेच, आणि त्यामुळे घरी येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ते सांगावं लागायचं.

"हो, वापर ना," इल्वा म्हणाली. आवाज नीट आला. "जिन्याशेजारचं दार. बटण बाहेर आहे, उजव्या हाताला."

"बरं," होकान म्हणाला आणि गेला.

बटणाचा आवाज आला. दार लागलं. आणि मग आतून कडी सरकली, हलकेच, कुणाला त्रास होऊ नये अशी. चौदा वर्षांत त्या दाराची कडी दोघांपैकी कुणीच लावली नव्हती.

इल्वाने बशी परत फळीवर ठेवली. मग ती पडवीत गेली, आणि पायऱ्यांवर निसरडं झालं असेल म्हणून बाहेरचा दिवा लावला.