दुसरा थर

साइटवर त्यांना सगळे मातीवाले म्हणत. माती तपासणं हेच त्यांचं काम. वय पंचावन्न, लग्न केलेलं नाही. गेली तीस वर्षं जिथे काम निघेल तिथे भाड्याची खोली घ्यायची, काम संपलं की चंबूगबाळं उचलायचं, असं चाललं होतं.

या वेळी पाण्याची मोठी टाकी उभी राहायची होती. जमीन इतकी मऊ, की चालताना बूट रुतायचे. म्हणून पायाची माती खोल खणून काढली आणि तिथे जिओटेक्सटाइल अंथरायला घेतलं. हे जाड, चिवट कापड. एक थर कापडाचा, त्यावर खडी, खडीवर रोलर, मग पुन्हा कापड. असे तीन थर. त्यामुळे भार सगळीकडे वाटला जातो, टाकी एका अंगाला कलत नाही. मात्र कापडाच्या पट्ट्या एकमेकींवर मीटरभर तरी चढवाव्या लागतात. नाहीतर भार आला की जोड सरकतो.

तिन्ही थर झाले. दुपारच्या सुट्टीत मातीवाले ऑफिसच्या कंटेनरमध्ये डबा खाता खाता अहवालासाठी फोटो लावत होते. दुसऱ्या थराच्या एका फोटोत जोडावर त्यांचाच बूट आला होता. चढवलेलं कापड बुटाच्या लांबीइतकंही भरत नव्हतं. त्यांनी बाकीचे फोटो उघडले. सगळीकडे तेच. तपासल्याची सही त्यांचीच.

डबा तसाच टाकून ते मॅडमकडे गेले. मॅडम कामाच्या प्रमुख, वयाने त्यांच्या निम्म्या.

"दुसरा थर काढावा लागेल."

"काढावा? त्याच्यावर आणखी एक थर बसलाय, मातीवाले! कुणी घोळ घातला?"

"अंथरला मुकादमाने. पण बघून सही मी केली."

"तुम्ही? तुम्ही तर चार बोटांसाठी काम थांबवता. त्या दिवशी लक्ष कुठे होतं?"

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

"सकाळी फोन आला होता. माझी ताई गेली."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मग गेला का नाहीत?"

"पोचेपर्यंत सगळं उरकलं असतं. तिच्याशिवाय तिकडे माझं कुणी नाही. म्हटलं, कामात तरी मन लागेल."

मॅडमनी कामाचं वेळापत्रक पुढे ओढलं. मग म्हणाल्या, "थर काढू. आणि हे झालं की तुम्ही सुट्टीवर जाताय. विचारत नाहीये, सांगतेय."

उकरून पुन्हा अंथरायला सहा दिवस लागले. "एवढ्याने काय आभाळ कोसळणार होतं?" म्हणत मुकादमाने बोलणंच टाकलं. चहाच्या वेळी सगळे रोलरच्या सावलीत बसत. मातीवाले एकटेच गुडघ्यांवर रांगत एकेक जोड टेपने मोजत. या वेळी प्रत्येक जोड मीटरभराच्या वरच भरला.

सातव्या दिवशी ते ताईच्या गावी पोचले. खोलीची किल्ली शेजारणीकडे होती.

"तुम्हीच का धाकटे?" ती म्हणाली. "तुमचा फोन आला की आम्हाला खोलीबाहेर काढायची हो!"

"दोन मिनिटं तर बोलायचो. जेवलास का, एवढंच विचारायची."

"आणि मग तासभर आम्हाला तुमचंच सांगत बसायची. कुठे पूल, कुठे धरण. तुम्ही हात लावला की जमीन हलत नाही म्हणे."

मातीवाल्यांनी किल्ली घेतली. शेजारीण गेल्यावर त्यांनी दार उघडलं, खिडक्या उघडल्या आणि ताईच्या पलंगावर बसले. आवराआवर एका दिवसाची होती: एक कपाट, चार भांडी, औषधांचा डबा.

त्यांनी ती पाच दिवस पुरवली.