चिंचंखालचा लव्हाळा

लव्हाळा म्हंजे आमच्या उसाचा वैरी. वरनं कापला तर खाली गाठी ऱ्हात्यात, आन् एक गाठ जरी ऱ्हायली तरी म्हैन्यात सरी भरून येतो. कोरेगावच्या आमच्या भागात भांगलायला बाया सांगायच्या झाल्या की आदी माजं नाव निगायचं. रंगूबाईच्या खुरप्यातनं लव्हाळा सुटत न्हाई, आसं गाव म्हनायचं. खोटं कशाला बोलू, मला त्येचा लय तोरा हुता. त्याच तोऱ्यानं घात केला. माजा न्हाई, झुबेदाचा.

झुबेदा म्हंजे पीरमहंमद पिंजाऱ्याची बायकू. माज्या उसाच्या बांधाला लागून मुसलमानांचं कबरस्तान हाय. जागा उताराची, खाली वढा, आन् वर चिंचंची जुनी झाडं. त्या सावलीत गवताची काडी उगवायची न्हाई. पाऊस झाला की उघडी माती वढ्याला जायाची.

चौऱ्याहत्तर साली त्यांची एकुलती एक पोर गोवरानं गेली. खातून तिचं नाव. चार वर्साची हुती. माज्या बांधावर बसून बोरं खायाची आन् बिया माज्याच पदरात टाकायची. वर जागा शिल्लक न्हवती म्हनून तिला पार खाली, वढ्याच्या कडंला पुरली. पयल्याच पावसाळ्यात वरचा ढीग सपाट झाला. पीरमहंमदनं सब्जा पेरला, त्यो सावलीत कुजून गेला. त्येंच्यात बायामानसं आत जात न्हाईत. झुबेदा दर शुक्कीरवारी काट्याच्या कुंपनाभाईर उभी ऱ्हायाची आन् मला एकच इचारायची, "आक्का, वढा माज्या लेकीला न्हेईल का वो?"

मी म्हनायची, "काय बी बोलू नगंस." पर मला दिसत हुतं. कड दरसाली हातभर खचत हुती.

पीरमहंमद दिवाळीच्या आदी कापूस पिंजायची धनुकली घिऊन वाईकडं गाद्या भराया जायाचा. त्याच साली वरच्या डोंगरात, दाट झाडीत, जितं ऊन म्हनून पोचत न्हाई तितं त्येनं एक लव्हाळा बगितला. आख्खी दरड धरून बसलेला. त्येचं पाच गड्डं मुळ्यामातीसकट वल्या पोत्यात बांधून, यष्टीत मांडीवर घिऊन ह्यो बाबा गावात आला. मी बांधावरच त्येला आडवी गेले.

"आरं पीरमहंमद, येडा का खुळा तू? मान्सं लव्हाळा उपटून उपटून मराया लागल्यात, आन् तू गाडीत घालून आनतूस?"

"ह्यो त्यो न्हवं, आक्का. ह्यो रानचा हाय. ह्येला गाठी नसत्यात. सावलीतच जगतो, उनात वाळतो. तुमच्या उसात न्हाई यायचा."

"दांडा लव्हाळ्यागत तीन धारंचा हाय का न्हाई?"

"हाय की."

"मंग झालं! सापाचं पिल्लू सापच."

त्यो हसला. म्हनला, "लागवड तर करू द्या. उसात आला तर माज्या हातानं उपटून दीन."

त्येनं ईत-ईत अंतरावर लावला. उनाळाभर वढ्यातनं कळशी खांद्यावर आनली. गड्डं वाढलं की फोडायचं आन् फुडं लावायचं. तिसऱ्या साली सगळा उतार हिरवा झाला. गुडघाभर, मऊ, पान वाकून एकमेकावर पडलेलं. सत्त्याहत्तरच्या पावसात मूठभर माती हालली न्हाई. झुबेदा कुंपनापाशी उभी राहून तीन वर्सांत पयल्यांदा हसली. म्हनली, "बगा आक्का, माजी पोर वाकळ घिऊन निजलीया."

फुडच्या उनाळ्यात झुबेदाच्या आंगावरनं जायाला लागलं. थांबंचना. मिरजंला दवाखान्यात न्ह्यायचं ठरलं. आखाड तोंडावर आला हुता. पीरमहंमद माज्या दारात आला.

"आक्का, पंधरा-ईस दिस लागतील. कुंपनातनं शेरडं आत येत्यात. तेवडं बगा."

"जा तू निवांत," मी म्हनले. "मी हाय."

शेरडं मी आत येऊ दिली न्हाईत, ही खरं. पर चवथ्या दिशी माज्या उसात, बांधाच्या कडंला, लव्हाळ्याचा ठोंब दिसला. त्यो आमचा जुनाच, गाठीचा हुता, ही मला मागनं कळलं. तवा इचारच केला न्हाई. डोस्कं सनकलं. म्हनलं, आला बग पिंजाऱ्याचा लव्हाळा! आन् मनाला काय सांगिटलं? की बिचारी आडचनीत हायती, आपुन त्यांची जागा सोच्च करून ठिवू, येतील तवा बरं वाटंल. आर्दं ती खरं हुतं. आर्दं माज्या उसासाटी हुतं.

कुदळ आन् खुरपं घिऊन आत गेले. पयला गड्डा वढला तर निगंना. मुळ्या आशा, न इंचरल्याल्या केसागत, माती धरून बसल्याल्या. उपटला. माती झटकली. गाठ बगाया लागले. गाठ न्हवती. दुसरा काडला. त्यालाबी न्हाई. तिसऱ्यालाबी न्हाई.

तवाच थांबाया पायजे हुतं. पीरमहंमदचं बोलनं कानात हुतं. पर मी म्हनलं, गाठ खोल आसंल. आनखी खोल खनलं. हात थांबलाच न्हाई वो. दोन दिस राबले. सगळा उतार सारवल्याल्या खळ्यागत केला. उपटल्याला लव्हाळा बांधावर उनात टाकला, त्यो सांजपातूर वाळून गेला. जसं त्येनं सांगिटलं हुतं तसंच. मी घरी जाऊन पोटभर जेवले.

आखाडात चार दिस झड लागली. पाचव्या दिशी सकाळी बांधावर गेले तर कडच न्हवती. चिंचंच्या मुळ्या हवंत लोंबत हुत्या. खातूनची जागा जितं हुती तितनं गढूळ पानी चाललं हुतं.

मी तशीच वढ्यात उतरले. कमरंएवढ्या पान्यात, चिखलात हात घालून धुंडलं. मयतावर माती पडू नये म्हनून ती लोक आत फळ्या लावत्यात. त्यातली एक फळी घावली, हातभर लांबीची. दुसरं काय बी घावलं न्हाई. दिस मावळंपातूर धुंडलं. मंग काठावर बसले आन् कपाळ बडवून घेटलं. आई गं, चार वर्साची पोर! माज्या हातानं मी तिला पान्यात घातली.

दोन दिसांनी पीरमहंमद एकटाच आला, झुबेदाची लुगडी न्ह्याला. मी बांधावरच त्येला गाटलं आन् सगळं सांगिटलं. फळी त्येच्या हातात दिली. वाटलं, आता मारंल. मारावं आसं मला लय वाटत हुतं. त्येनं फळीवरचा चिखल सदऱ्यानं पुसला. मंग एकच इचारलं.

"गाठी घावल्या का, आक्का?"

"न्हाई," मी म्हनले.

त्यानंतर त्येनं मला आक्का म्हनून कवा हाक मारली न्हाई.

कुंपनापाशी जाऊन त्यो खाली बसला. म्हनला, "तिची पिशवी काडली. आता पोर व्हनार न्हाई. तिला ह्यातलं काय बी कळाया नगं. तुमच्यासाटी सांगत न्हाई मी."

आमी दोगांनी पडल्याल्या कडंच्या चार हात वर माती वडून नवा ढीग केला, दगडं लावली. फळी आत ठिवली. जमातीतल्या चार मान्सांना ठावं झालं, त्येंनीबी तोंड शिवलं. मी वाईला गेले, त्येनं सांगिटल्याल्या डोंगरात चढले. दोन पोती गड्डं यष्टीत मांडीवर घिऊन आले. कंडक्टर म्हनला, "मावशे, म्हशीला वैरन का?" मी पोत्यांची तोंडं आवळून धरली. ईत-ईत अंतरावर लावलं, जसं त्यो लावायचा तसं.

रमजान ईदला झुबेदा पोटावर हात धरून, हळूहळू चालत माज्या घरी आली. शिरखुर्म्याचा डबा घिऊन.

"कड येवडी पडली म्हनं, आक्का. पर माजी पोर जाग्यावर हाय. ह्यांनी सांगिटलं, तुमी भर पावसात माती वडली म्हनून. तुमी राखलीसा तिला."

आन् म्हनली, माज्याफुडं खावा. तिनंच वाटी भरली. मी खाल्ला. ती बगत हुती म्हनून वाटी पुसून खाल्ली. गोड हुता, लय गोड.

आता ती दर शुक्कीरवारी कुंपनापाशी येती आन् मला उसातनं हाक मारती. मी खुरपं टाकून तिच्याशेजारी जाऊन उभी ऱ्हाते. त्या ढिगाखाली एक फळी हाय. दुसरं काय न्हाई. लव्हाळा चांगला गुडघाभर झालाय.

"लय दाट आलाय न्हवं, आक्का?" ती इचारती.

"व्हय," मी म्हनते. "लय दाट आलाय."