तेल न बदलता विझवलेला दिवा

मी दिवा बोलतोय. देवघरातला नव्हे हो, गाडीतला! कोल्हारच्या हर्षलच्या सात सीटर गाडीत, स्टेअरिंगमागे पान्ह्याच्या चित्राचा पिवळा दिवा आहे ना, तोच मी. इंजिनचं तेल बदलायची वेळ झाली की लागायचं, एवढंच माझं काम. पण खरं सांगू? एवढ्याशा कामात माझा पार गोंधळ उडालाय.

कारखान्यात मला बसवलं तेव्हा कुणी काही समजावलं नाही. तेल कसं दिसतं, हे मी आजतागायत पाहिलेलं नाही. गाडी किती पळाली, तेवढं मला कळतं. ठरलेलं अंतर झालं की मी लागतो. मग नागापूरचे गहिनीनाथ मिस्त्री काळं तेल काढायचे, नवं भरायचे आणि शेवटी बटण दाबून धरून मला विझवायचे. म्हणून मी विझलो म्हणजे तेल नवं, असं मी धरून चाललो होतो.

हर्षल गावातल्या बायांना रोज नागापूरच्या एमआयडीसीत कामाला नेतो-आणतो. त्याची धाकटी बहीण निकिता पोलीस भरतीची तयारी करत होती. रोज सकाळी प्रवरेच्या पुलापर्यंत धावत जाऊन यायची. वयाच्या अटीत बसणारी ही तिची शेवटची भरती होती. गाडी पुसताना ती मलाही फडकं मारायची, म्हणून मला तिचा लळा.

दसऱ्याला गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. हर्षलनं चावी फिरवली आणि नेमका मी लागलो. त्याची आई साळूबाई आरतीचं ताट घेऊन उभी.

"आगं बया! पूजेच्या टायमाला गाडी डोळं वटारून बघतीय. इझव त्ये आधी!"

"तेल बदलायला लागतंय, आई."

"मग बदल की सवडीनं! आत्ता इझव."

हर्षलनं मिस्त्रींना बटण दाबताना बघितलं होतंच. त्यानं बटण दाबून धरलं. मी विझलो. अरे, पण तेल कुठंय? मला वाटलं, भरलं असेल बाबा, आपल्याला काय कळतंय!

सवड काही मिळाली नाही. मी पुन्हा लागलो, त्यानं पुन्हा विझवलं. गावात बोभाटा झाला, "हर्षल फुकटात दिवा इझवतो!" दोघे-तिघे आपल्या गाड्या घेऊन आले. सगळे खूश. इकडे इंजिन खडखडायला लागलं आणि मी मात्र मुकाट काळोखात. कुणाचं खरं मानावं?

भरतीच्या दिवशी हर्षल निकिताला घेऊन नगरला निघाला. राहुरीच्या पुढं शेजारचा तेलाच्या दाबाचा लाल दिवा एकदम पेटला आणि इंजिन जाम! निकिता हात करून करून एका टेम्पोत चढली. मैदानावर पोचली तेव्हा फाटक बंद झालं होतं.

गॅरेजात हर्षल माझ्यावरच उखडला. "ह्यो दिवाच खोटा हाय. लागलाच न्हाई!"

"लागला हुता, दादा," निकिता म्हणाली. "तूच इझवलास. मीबी बघत ऱ्हायले. आता माझं वय निघून गेलं रे."

मला रडता येत असतं तर मी तिथंच रडलो असतो.

इंजिन नवं बसलं. निकिता आता मागच्या सीटवर, डबा मांडीवर घेऊन, इतर बायांबरोबर नागापूरला कामाला जाते. काल मी पुन्हा लागलो. हर्षलचं बोट सवयीनं बटणाकडे गेलं. त्यानं आरशात पाहिलं. निकिता खिडकीबाहेर बघत होती. त्यानं हात मागे घेतला, बायांना उतरवलं आणि गाडी थेट गॅरेजात नेली.

तुमच्या गाडीतही माझा कुणी भाऊबंद असेल. तो लागला तर खुशाल चिडा, पण आधी तेल बदला, मग बटण दाबा. विझवलं की आम्ही विझतो हो. तेल बदललं का, हे विचारायची सोय आमच्यात ठेवलेलीच नाही.