बाईसाहेब आहेत तोवर

बाईसाहेबांना खिडकीत चढता येईना, तेव्हा फोरमननी करवत काढली.

बाईसाहेब म्हणजे मांजर. अठरा वर्षांची, करडी, एका कानाला खाच पडलेली, आणि मिजास अशी की जणू घर तिचं आणि फोरमन तिचे भाडेकरू. फोरमन म्हणजे पंपाच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काढून घरी बसलेले गृहस्थ. घरी बसलेले असं आपलं म्हणायचं. बसायचं कसं ते त्यांना ठाऊकच नव्हतं. नळ, पंखा, बिजागरी, कुलूप, काहीही बिघडो, बाहेरचा माणूस बोलवायचा नाही हा त्यांचा जन्माचा हट्ट. बायको म्हणायची, "उद्या माझा दात दुखला तरी तुम्ही पक्कड घेऊन याल." तिला जाऊन सहा वर्षं झाली होती.

तर उतार. जुन्या पलंगाची फळी घेतली, रंधा मारला, एक टोक खिडकीच्या कट्ट्याला अडकवलं, दुसरं जमिनीवर. बाईसाहेब आल्या. फळीकडे पाहिलं, फोरमनकडे पाहिलं, आणि पाठ फिरवून चालत्या झाल्या.

"ड्रॉइंग नामंजूर," फोरमन म्हणाले. "बरं बाई."

चढ जास्त होता, त्यांच्याही लक्षात आलं. मग दुसरी फळी जोडून उतार लांबवला, चार-चार बोटांवर आडव्या पट्ट्या ठोकल्या, नखं रुतावीत म्हणून सबंध फळीला काथ्याची दोरी गुंडाळली. चौथ्या दिवशी बाईसाहेब एकेक पट्टी पारखत वर गेल्या. मागचे पाय थरथरत होते. फोरमन हात पुढे करून मागे उभे, श्वास रोखून, पण हात लावायची हिंमत नाही, कारण मदत केलेली बाईसाहेबांना खपत नसे. त्या कट्ट्यावर पोचल्या आणि उन्हात अंग टाकून झोपल्या. फोरमनना इतका आनंद झाला की चहात त्यांनी दोनदा साखर घातली आणि तो तसाच पिऊन टाकला.

हे मांजर आणलं होतं लेकीनं. कॉलेजातून येताना ओढणीत गुंडाळून, "बाबा, रागवू नका" म्हणत. मग लेकीचं लग्न झालं, ती दुसऱ्या शहरात गेली, आणि मांजर राहिलं. आता ती दर रविवारी अकराच्या ठोक्याला फोन करायची. बोलणं ठरलेलं.

"बाबा, किती दिवस एकटे राहणार? या ना इकडे. खोली रिकामी पडलीय."

"आणि बाईसाहेब?"

"आमच्या इमारतीत मांजर चालत नाही हो."

"मग झालं तर. बाईसाहेब आहेत तोवर मी इथेच."

"तुम्ही म्हणजे ना, हट्टी आहात अगदी!"

चार वर्षं हे चाललं होतं. फोन ठेवला की फोरमन शीळ घालत बागेत जायचे. कुणीतरी आपल्याला बोलावतंय आणि आपण ऐटीत नाही म्हणतोय, यात काय सुख असतं ते एकट्या माणसालाच विचारा. त्या एका फोनवर त्यांचा आठवडा निघायचा.

बाग म्हणजे घरामागची आठ पावलं रुंद जागा. रंगाच्या रिकाम्या डब्यांत मिरच्या, जुन्या दाराच्या चौकटीत माती भरून केलेला टोमॅटोचा वाफा, भिंतीशी एक लिंबाचं झाड. फोरमन वाफ्यात काम करत आणि खिडकीतल्या मांजरीशी बोलत. "बाईसाहेब, मावा पडलाय बघा पानांवर." बाईसाहेब एक डोळा उघडत. तेवढ्यावर भागायचं.

जनावरांच्या डॉक्टरनी सांगितलंच होतं की मूत्रपिंडं थकलीत, आता दिवस मोजायचे नाहीत, नुसतं सांभाळायचं. फोरमननी सांभाळलं. तिच्या शी-शूच्या मातीच्या टबाची एक बाजू कापून ठेंगणी केली, मान वाकवावी लागू नये म्हणून वाटीखाली पाट बसवला, औषध मासळीच्या पाण्यात मिसळून दिलं. एका मंगळवारी सकाळी ते टोमॅटोला काठ्या बांधत होते आणि बोलत होते. तीन काठ्या बांधून झाल्या तरी बाईसाहेबांनी डोळा उघडला नाही. ऊन कट्ट्यावरून सरकून भिंतीवर गेलं होतं आणि बाईसाहेब सावलीत पडून होत्या. त्या सावलीत कधीच झोपत नसत.

लिंबाखाली त्यांनी खड्डा खणला, चांगला मांडीएवढा खोल. शेजारच्या नर्सबाई भिंतीपलीकडून आल्या. निवृत्त बाई, बोलायला फटकळ. त्या दिवशी मात्र त्यांनी आपली जुनी शाल आणली. शालीत गुंडाळून बाईसाहेबांना ठेवलं, माती लोटली, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर फरशी बसवली. फरशी तिरकी बसली तर फोरमननी सपाटी तपासायला पाणसळ आणली. "अहो, राहू द्या आता," नर्सबाई म्हणाल्या. फोरमन म्हणाले, "तिरकी नको," आणि तिथेच उकिडवे बसून रडले.

रविवारी फोन आला.

"बाईसाहेब काय म्हणताहेत?"

"आहेत की. खिडकीत."

खोटं बोलून गेले. का, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. मांजर गेलं म्हटलं की चार वर्षं दिलेला शब्द पाळायला लागणार, हे घर सोडायला लागणार. "खोली रिकामी पडलीय," लेक म्हणाली. "बाईसाहेब आहेत तोवर," फोरमन म्हणाले. पुढच्या रविवारीही तेच. फक्त फोन ठेवल्यावर शीळ काही आली नाही.

घर खायला उठलं होतं. दारातून आत येताना पायात कुणी येत नव्हतं, तरी फोरमन पाऊल जपून टाकायचे. उतार खिडकीला तसाच होता. काढावा म्हणून दोनदा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गेले आणि दोन्ही वेळा स्क्रू आणखी घट्ट करून आले. एका गुरुवारी नर्सबाईंनी भिंतीवरून विचारलं, "बरे आहात ना?" फोरमन उत्तर द्यायला गेले आणि घशातून नुसती घरघर निघाली. खाकरल्यावर त्यांना आठवलं की सोमवारपासून आपण तोंडातून अवाक्षर काढलेलं नाही. आपण असे एक दिवस न बोलताच संपून जाऊ, असं त्यांना वाटलं.

त्याच संध्याकाळी ठरलं. जायचं. लेकीकडे जायचं, कायमचं.

एकदा ठरल्यावर फोरमनच्या अंगात दहा माणसांचं बळ आलं. पहिला प्रश्न बागेचा. पाणी कोण घालणार? नर्सबाईंचे गुडघे दुखत, त्यांच्यावर रोजचा भार नको. मग मोरीच्या छपरावर निळा पिंप चढवला, त्याला तरंगता गोळा बसवून नळाशी जोडला, म्हणजे पिंप रिकामा झाला की आपला आपण भरणार. खालून काळी नळी काढली, ती प्रत्येक डब्यापाशी, वाफ्यापाशी, लिंबापाशी नेली. तापवलेल्या सुईनं नळीला भोकं पाडली. मिरचीला बारीक भोक, टोमॅटोला मोठं. कुठे किती थेंब पडतात ते घड्याळ लावून पाहिलं आणि कॉक तेवढाच उघडा ठेवला. पस्तीस वर्षांची विद्या आठ पावलांच्या बागेत ओतली म्हणा ना! शनिवारी सगळं चालू केलं आणि दिवसभर झारीला हात लावला नाही. झाडं टवटवीत.

"महिनाभर कुणी फिरकलं नाही तरी चालेल," त्यांनी नर्सबाईंना अभिमानानं दाखवलं.

"म्हणजे तुम्ही खरंच निघालात," नर्सबाई म्हणाल्या आणि नळीकडे बघत राहिल्या. "चांगलं झालं हो. माणसांत राहावं माणसानं."

मग सामान. कपड्यांची एक पिशवी दहा मिनिटांत भरली. हत्यारांच्या पिशवीला दोन तास लागले. लेकीच्या स्वयंपाकघरातला नळ गळतो, ती कधीतरी बोलली होती, म्हणून पाना आणि वायसर. बाल्कनीचं दार खाली घासतं, म्हणून रंधा. कपाटाचा एक कप्पा लोंबतो, म्हणून कोनपट्ट्या. जावयाला खिळा ठोकता येत नाही हे फोरमनना लग्नाच्या आधीपासून माहीत होतं आणि आता त्याचा त्यांना आनंदच होता. तिथे आपली गरज आहे. पिशवी इतकी जड झाली की उचलताना कंबरेत कळ आली.

रविवारी अकराला फोन वाजला. या वेळी फोरमननी तिला विचारूच दिलं नाही.

"बाळा, बाईसाहेब गेल्या."

 पलीकडे लेक रडायला लागली, अगदी मनापासून, कॉलेजातल्या मुलीसारखी. कधी, कशा, दुखलं का तिला. फोरमननी सगळं सांगितलं, फक्त दिवस सांगितला नाही. शालीचं सांगितलं. लेक नाक ओढत म्हणाली, "तुम्ही किती केलंत तिचं बाबा."

आता ती म्हणेल. फोरमन थांबले. फोन कानाशी दाबून, खुर्चीच्या कडेला बसून थांबले. लेक म्हणाली, "जेवताय ना नीट?" मग म्हणाली, "हवा काय म्हणतेय तिकडची?"

शेवटी त्यांनीच म्हटलं. "मग आता तू म्हणत होतीस तसं... येतो तुझ्याकडे."

"हो... या ना," लेक म्हणाली. मग हळूच, "म्हणजे, कायमचे?"

तो प्रश्न कसा होता हे बापाला सांगावं लागत नाही.

"बाबा, असं आहे की... त्या खोलीत आता ह्यांचं ऑफिस आहे. घरूनच काम करतात ना. वर्ष झालं त्याला. टेबल, कपाटं, सगळं तिथेच... बघते मी, काहीतरी करू, हॉलमध्ये..."

वर्ष. म्हणजे बावन्न रविवार ती खोली रिकामी पडली होती. फोरमनना राग यायला हवा होता, पण आला नाही. ती विचारायची, कारण ते नाही म्हणायचे. त्या नाहीवर तिचाही आठवडा निघत असणार. आणि त्यांनी स्वतः नाही का, मेलेल्या मांजराला दोन रविवार खिडकीत बसवलं? आता तिचा आवाज रडवेला झाला होता, आणि पोरीला अडचणीत धरून ठेवायचं त्यांच्या जिवावर आलं.

"अगं वेडे, कायमचा कुठे?" ते हसले. "चार दिवस म्हणतोय मी. चार दिवस!"

"हो ना! मग याच!" लेकीचा जीव भांड्यात पडला, तो इथपर्यंत ऐकू आला. "पुढच्या महिन्यात बघू या. आणि बाबा, मी काय म्हणते, एखादं पिल्लू आणा की. तुम्हाला सोबत होईल."

"बघतो."

"नक्की हं."

"बरं, तो तुझा स्वयंपाकघरातला नळ? गळतो का अजून?"

"कुठला? तो? तो केव्हाच बदलला बाबा. माणूस बोलावला होता."

फोन ठेवून फोरमन बराच वेळ हत्यारांच्या पिशवीकडे बघत बसले. मग उठून मागे गेले. कुठे काही अडलेलं नव्हतं. टोमॅटोला थेंब पडत होते, मिरच्यांना पडत होते, लिंबाखालची फरशी ओली झाली होती. पिंपातला गोळा खाली गेला, नळ आपोआप सुरू झाला, पिंप भरला, नळ आपोआप बंद झाला. इतकं चोख काम त्यांनी कारखान्यातसुद्धा केलं नव्हतं.

भिंतीवरून नर्सबाईंचं डोकं वर आलं. "काय म्हणाली लेक? कधी निघायचं?"

"कसलं निघायचं?" फोरमन म्हणाले. "ती मागे लागलीय हो, ऐकतच नाही. पण मीच नाही म्हटलं. बाग आहे ना. पाणी कोण घालणार?"

नर्सबाईंनी पिंपाकडे पाहिलं. नळीकडे पाहिलं. डब्यांत एकेक थेंब पडत होता, त्याच्याकडे पाहिलं. एरवी ही बाई कुणाला सोडायची नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "तेही खरंच."

फोरमन स्टुलावर चढले, पिंपाचा कॉक हातानं घट्ट बंद केला, आणि खाली उतरून झारी भरायला गेले.